एक सूर, तीन दर

गाणे कसे झाले, असे पूर्वी कोणी विचारले की "बुवांचा आवाज आज जरा बसला होता" किंवा "तबलजीने घाई केली" असे काहीतरी पुटपुटून सुटता येत असे. हल्ली विचारणारा उत्तरात आकडा मागतो. "किती किलोबिटांवर ऐकलंत?" म्हणतो. आमचा मेहुणा या पंथाचा आहे. तो गाणे ऐकत नाही, तपासतो; आम्ही काउंटरवर चेकवरची सही तपासतो तसे, भुवया आकसून आणि संशय धरून. तान संपली की त्याच्या तोंडून "वा!" येत नाही, "कॉम्प्रेस्ड आहे" असे येते.

मी बी.कॉम. झालेलो. गाण्यातले मला बेताचेच कळते, पण आकड्याला मी भीत नाही. मोबाइलवर गाणी पुरवणाऱ्या कंपन्यांची दरपत्रके त्याने माझ्यापुढे टाकली तेव्हा मी सरळ लेजर उघडले.

आरंभीची शिल्लक म्हणून सीडी धरू. सीडीवर आवाजाची नोंद सेकंदाला ४४,१०० वेळा होते. प्रत्येक नोंद १६ बिटांची, आणि डावा-उजवा मिळून खाती दोन. गुणाकार करा, सेकंदाला १४,११,२०० बिट येतात, म्हणजे १,४११ किलोबिट. या हिशेबाने चार मिनिटांचे एक भावगीत सुमारे ४२ मेगाबाइट जागा खाते. तेच ३२० किलोबिटांवर साडेनऊ मेगाबाइटांच्या आसपास बसते, आणि ९६ वर तर तीनाच्याही आत. मग उरलेले एकोणचाळीस मेगाबाइट गेले कुठे? बँकेत एवढी तूट आली असती तर रात्री अकरापर्यंत कोणी घरी गेले नसते.

ते जातात कसे, हे नऊवारीच्या उदाहरणाने चटकन कळते. नऊवारीतले बरेचसे कापड निऱ्यांच्या आत दडलेले असते, ते काही कोणाला दिसत नाही. आता एखादा हुशार शिंपी म्हणाला, "न दिसणारं कापड कापून टाकतो, वजन हलकं होईल," तर कसे? गाण्याचे हे शिंपीकाम तसेच आहे. मोठ्या आवाजाच्या आड जो बारीक आवाज कानाला लागत नाही, तो तो कापतो. ३२० वर कात्री निऱ्यांच्या आतच फिरते. ९६ वर ती काठापर्यंत येते. आणि 'लॉसलेस' म्हणजे कात्री अजिबात नाही. लुगडे घडी घालून ट्रंकेत ठेवायचे आणि उलगडले की धागा न् धागा परत.

आता दर. स्पॉटिफाय ही मूळची स्वीडनची कंपनी २०१९ साली भारतात आली. लॉसलेस देऊ देऊ असे तिने २०२१ च्या फेब्रुवारीत जाहीर केले आणि द्यायला सुरुवात केली ती २०२५ च्या सप्टेंबरात. आमच्या महागाईभत्त्याच्या थकबाकीशी तिचे काही नाते असावे. त्या नोव्हेंबरात तिने भारतासाठी महिना १३९, १९९ आणि २९९ अशा तीन पायऱ्या लावल्या: पहिलीवर १६० किलोबिट, दुसरीवर ३२०, तिसरीवर लॉसलेस. उलट ॲपलने जून २०२१ मध्येच लॉसलेस देऊन टाकले, तेही जादा पैसे न घेता, आणि तिचा एकट्या माणसाचा दर या तिसऱ्या पायरीच्या बराच खाली आहे. यूट्यूब म्युझिक २५६ वर थांबते. जिओसावनची पैसे भरून मिळणारी सेवा ३२० पर्यंत जाते.

नुसते आकडे बघितले तर ॲपल पहिली आली, बक्षीस-समारंभ करा आणि घरी जा. पण ॲपलच्या वरच्या वर्गात २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झ असाही एक मजकूर आहे. सीडीतला आवाज २२ किलोहर्ट्झपर्यंत जातो. चाळिशी उलटलेल्या माणसाला पंधरा-सोळाच्या पुढचे बहुधा ऐकूच येत नाही. १९२ चा मजकूर ९६ किलोहर्ट्झपर्यंत पोचू शकतो. त्या उंचीवर वटवाघळे ऐकतात. आमच्या सोसायटीच्या चिंचेवर ती पुष्कळ आहेत, पण त्यांपैकी कोणी शास्त्रीय संगीताची आवड दाखवल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

तरी मेहुण्याचे म्हणणे एकच. "भावोजी, कानाला कळतं. तुम्ही ऐकून तर बघा." मी म्हटले, बघू. पण बँकेच्या पद्धतीने, म्हणजे हाताळणारा एक आणि तपासणारा दुसरा. एका रविवारी त्याला भिंतीकडे तोंड करून बसवले. मोबाइल सौभाग्यवतींच्या ताब्यात. एकच ख्याल तीन तऱ्हांनी, ९६, ३२० आणि लॉसलेस, वाटेल त्या क्रमाने, वीस वेळा. वायरचा हेडफोन.

पहिल्या फेरीत त्याने छाती पुढे काढून लॉसलेस ओळखले. मला शंका आली. नीट पाहिले तर दोन सेवांच्या आवाजाची पातळीच वेगळी होती. या मंडळींकडे सगळी गाणी एका उंचीवर आणून ठेवायची एक सोय असते. ती एकीकडे चालू आणि दुसरीकडे बंद राहिली, की जिचा आवाज किंचित मोठा ती कानाला सरस वाटते. हे सगळ्यांच्याच कानाचे होते. सभेत मोठ्याने बोलणारा हुशार वाटतो, त्यातलाच प्रकार. ती सोय दोन्हीकडे बंद करून आवाज सारखा केला आणि पुन्हा ऐकवले. ९६ त्याने दर वेळी पकडले, आणि खरे सांगतो, मीसुद्धा पकडले. गवई थांबला की मागे जो तानपुरा उरतो, त्याची जवारी पाण्याखालून आल्यासारखी लागत होती. ३२० आणि लॉसलेस यांच्यात मात्र साहेब नाणेफेक करू लागले.

"आज सर्दी आहे," तो म्हणाला.

"तीनशे वीस किलोबिट सर्दी!" सौभाग्यवती म्हणाल्या. माहेरच्या माणसाला असे बोलताना मी त्यांना प्रथमच ऐकले.

यातली गंमत अशी की मेहुणा एरवी ऐकतो ते ब्लूटूथवर. ॲपल स्वतःच सांगते की ब्लूटूथवरून लॉसलेस जात नाही, वाटेत आवाज पुन्हा दाबला जातो. म्हणजे घडी घातलेले लुगडे तिसऱ्या पायरीवर विकत घ्यायचे आणि कानात घालायच्या आधी कात्रीखाली द्यायचे. आणि ॲपलकडे लॉसलेस आपोआप चालू नसते, सेटिंगमध्ये जाऊन चालू करावे लागते. लॉकर भाड्याने घेऊन दागिने घरी पलंगाखाली ठेवणारे खातेदार आम्हाला रोज भेटतात, तेव्हा या गोष्टीचे मला नवल वाटले नाही. १९९ आणि २९९ मधला फरक वर्षाला १,२०० रुपये होतो. वरच्या पायरीवर आणखी काही सवलती आहेत म्हणतात. पण निव्वळ आवाजासाठी ते १,२०० एका वायरच्या हेडफोनवर घालावेत असे माझे मत आहे.

शिवाय आपण ऐकतो काय, तेही बघायला हवे. अब्दुल करीम खाँसाहेबांची गाणी ७८ च्या तबकडीवर आहेत, एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटे. त्यात सुरांबरोबर सुईची खरखरही आली. लॉसलेसमध्ये ती खरखर धागा न् धागा मिळते. आता हीच गाणी एकेका सेवेवर दोन-दोन तीन-तीन प्रतींत पडलेली असतात. एक प्रत खरखरीसकट, आणि दुसरी इतकी धुतलेली की गवई ड्रायक्लीन होऊन आल्यासारखे वाटतात. खरखरीबरोबर श्वासही गेलेला. ९६ आणि ३२० मध्ये जितका फरक नाही तितका या दोन प्रतींत आहे, आणि कोणती प्रत कोणी धुतली हे एकही कंपनी लिहीत नाही. गाण्याच्या नावाखाली कधी गायक, कधी संगीतकार. नाट्यगीत असेल तर नाटकाचा पत्ता नाही. गीतकार तर बहुधा जामीनदारासारखा; सही त्याची, पण नाव कोणी घेत नाही.

फुकट ऐकणाऱ्याचे हाल निराळे. एका सेवेवर विलंबित संपून द्रुत सुरू होणार, त्या मधल्या श्वासात मला बनियनची जाहिरात मिळाली. दुसऱ्या एकीवर भैरवी झाली, आम्ही मनातल्या मनात सतरंजी गुंडाळायला घेतली, तर यंत्राने आपल्या अकलेने लग्नाच्या वरातीतले गाणे लावले. भैरवीनंतर मैफल संपते हे त्याला कोणी शिकवलेले नाही.

या सगळ्यात जिचे किलोबिट कमी ती यूट्यूब म्युझिक मला सोडवत नाही. कुणीतरी कधीकाळी गणेशोत्सवाच्या मांडवात टेपरेकॉर्डर धरून बसला होता, त्याच्या मुलाने ती कॅसेट वर चढवली, आणि ती तिथे ऐकायला मिळते. मागे एक मूल रडते, कोणीतरी "क्या बात है" म्हणतो, मध्येच कॅसेटची बाजू बदलते. असला माल लॉसलेसच्या दुकानात नाही. अर्थात तो उद्याही तिथे असेल याची हमी नाही, आणि हे सगळ्याच सेवांना लागू आहे. रेसो जानेवारी २०२४ मध्ये भारतातून गेले, विंक त्याच वर्षी बंद झाले. माझ्या पस्तीस रुपयांच्या कॅसेटी निदान माळ्यावर आहेत. इथे सगळे भाड्याचे, आणि पागडीची पद्धतही नाही.

आता पैसे घेणाऱ्याची बाजू झाली, मिळणाऱ्याचीही बघू. तीस सेकंद ऐकले की स्पॉटिफायच्या वहीत एक हजेरी लागते. चाळीस मिनिटांचा दरबारी आणि अडीच मिनिटांचे सिनेमाचे गाणे, दोघांना हजेरी एकेकच. आणि २०२४ पासून मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० हजेऱ्या नसतील तर त्या गाण्याला मानधन नाही. मिनिमम बॅलन्सचा हा नियम वाचून मला घरच्यासारखे वाटले.

पण सौभाग्यवतींची भाची गाते. चांगली गाते. तिने गेल्या आषाढीला एक अभंग स्वतःच्या खर्चाने रेकॉर्ड करून चढवला. परवा विचारले तर ६१२ झाले होते. तिने मेहुण्यासारखे किलोबिट विचारले नाहीत, "काका, ऐकता ना?" एवढेच म्हणाली. उरलेले ३८८, आषाढीला चार महिने, म्हणजे दिवसाला तीनाहून थोडे जास्त. औषधाच्या गोळीसारखे सकाळ-दुपार-संध्याकाळ घ्यावे म्हटले, तर नियमात पुढे आहे की एका घरचे कान पुरत नाहीत, ऐकणारेही निरनिराळे हवेत. आमच्या शाखेत स्टाफ बारा आहे. शिपाई आणि वॉचमन धरून चौदा. उद्यापासून जेवणाच्या सुट्टीत मॅनेजरसाहेबांपासून सुरुवात करणार आहे. त्यांच्याकडे कुठली पायरी आहे ते मी विचारणार नाही.