मृत्यूची वेळ आणि मालिकेची वेळ

१९९८ साली आरंभ होऊन वीस वर्षे चाललेली आणि २०२४ च्या अखेरीस पुन्हा पडद्यावर आलेली ‘सीआयडी’ ही मालिका हिंदी भाषेतील असली, तरी तिचा एसीपी प्रद्युम्न शिवाजी साटम यांच्या रूपाने मराठी रंगभूमीवरून आणि मुंबई दूरदर्शनच्या ‘एक शून्य शून्य’ या मराठी पोलीसमालिकेतून तेथे गेला आहे. आणि परभणी तालुक्यातील पेडगावासारख्या गावांत गुन्ह्याचा तपास कसा होतो याविषयीची जी समजूत आज रूढ आहे, ती घडविण्यात कायद्याच्या कोणत्याही ग्रंथापेक्षा या मालिकेचा वाटा मोठा आहे. तिचे यश मला यथायोग्य वाटते. प्रेताजवळ उभे असतानाही इन्स्पेक्टर फ्रेडरिक्सने बायकोच्या धाकाची हकीकत सांगावी, इन्स्पेक्टर दयाने बंद दार फोडावे, आणि प्रद्युम्न व न्यायवैज्ञानिक तज्ज्ञ डॉ. साळुंखे या दोन जुन्या स्नेह्यांनी एकमेकांना टोमणे मारीतच पुराव्याची छाननी करावी, हा हलकेपणा तिचा प्राण आहे. १९८५ च्या ‘करमचंद’मध्ये पंकज कपूरने गाजर खात खात जो तपास केला, त्याचीच ही परंपरा होय. अशा कलाकृतीकडून शवागारातील गांभीर्याची अपेक्षा करणे अरसिकपणाचे ठरेल.

परंतु हलकेपणा पात्रांच्या स्वभावात असणे निराळे आणि तो देहाच्या नियमांतही शिरणे निराळे. नरेंद्र गुप्ता यांनी उभा केलेला साळुंखे प्रेतावरून एक नजर फिरवितो आणि मृत्यूची वेळ सांगून मोकळा होतो; त्या वेळेवर कुणाचा जबाब खोटा ठरतो आणि कुणी निर्दोष सुटतो. वास्तविक वैद्यास ही वेळ तीन अस्थिर साक्षीदारांकडून काढून घ्यावी लागते : देहाच्या खालच्या बाजूस साकळणाऱ्या रक्ताचे जांभळट डाग, पापण्या व जबडा यांपासून सुरू होऊन सुमारे १२ तासांत सर्व शरीर व्यापणारे मरणोत्तर काठिण्य, आणि देहाचे क्रमशः थंड होणे. यांपैकी तिसरा साक्षीदार थंड हवेच्या देशांतील ग्रंथांत सर्वांत विश्वासू म्हणून वर्णिलेला असतो. पण वैशाखात पेडगावच्या शिवारात तो फितूर होतो. जिवंत देहाचे तापमान ३७ अंश सेल्सिअस, आणि मे महिन्यातील दुपारी येथील हवा ४० अंशांच्याही वर. सबब उघड्या रानात पडलेला देह थंड होण्याऐवजी अधिक तापू शकतो, काठिण्य लवकर येते, लवकर उतरते, आणि कुजण्यास इतक्या त्वरेने आरंभ होतो की काल मेलेला इसम परवा मेला असावा असे वाटावे. प्रामाणिक डॉक्टर अशा वेळी अर्ध्या तासाचा नव्हे, कित्येक तासांचा अवकाश सांगतो, आणि त्या अवकाशात संशयितांची अख्खी रांग मावते. रहस्यकथाकाराला याहून मोठे दान कोणते हवे? तरीही आमचे लेखक ते परत करतात आणि त्याच्या बदल्यात घड्याळाचा एक नेमका आकडा पत्करतात.

विषाची कथा याहून उद्वेगजनक आहे. पडद्यावरील प्रयोगशाळेत रंगीत द्रवांच्या नळ्या हलतात, यंत्रावर अक्षरे झळकतात, आणि जाहिरात संपण्यापूर्वी विषाचे नाव हाती येते. पेडगावात एखाद्याचा संशयास्पद मृत्यू झाला, तर प्रथम पोलीस पाटील ठाण्यात वर्दी देतो, अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचांसमक्ष पंचनामा होतो, मयताचा देह शवविच्छेदनासाठी जातो, आणि जठर, आतडे, यकृत व मूत्रपिंड यांचे भाग बहुधा संपृक्त मिठाच्या द्रावणात ठेवून, सीलबंद करून न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे पाठविले जातात. तोवर डॉक्टर मृत्यूच्या कारणाविषयीचे मत राखून ठेवतो. अहवालास विलंब लागतो आणि त्या काळात घरात एकमेकांविषयी संशय वाढतो, भाऊबंदकी जागी होते, सून किंवा जावई गावाच्या नजरेत गुन्हेगार ठरतो. कपाशीच्या या प्रदेशात विष बहुधा गूढ नसते. कोठ्यातील फवारणीच्या डब्यात ते असते, आणि बाहुलीचे टाचणीच्या टोकाएवढे आकुंचन, तोंडाला फेस, घामाने भिजलेले अंग, ही त्याची ओळख कोणत्याही ग्रामीण डॉक्टरास पाठ असते. प्रश्न विष कोणते हा नसून ते चुकून गेले, स्वतः घेतले की कुणी दिले, हा असतो, आणि त्याचे उत्तर नळीत नसते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैज्ञानिक तज्ज्ञाची घटनास्थळी भेट बंधनकारक करण्याचा मार्ग धरला आहे. अशा काळात, दोन मिनिटांत उत्तर न देणारा डॉक्टर लाचखाऊ किंवा अडाणी असला पाहिजे ही मालिकेने रुजविलेली समजूत साधी करमणूक राहत नाही. मयताच्या नातेवाइकांचा रोष ती रुग्णालयाच्या दारात आणून सोडते.

क्लोरोफॉर्मचा रुमाल हा तर आमच्या पटकथांचा वंशपरंपरागत दागिना. नाकाला लागताच माणूस कोसळतो आणि दोन प्रसंगांनंतर ताजातवाना उठून बसतो. प्रत्यक्षात शुद्ध हरपण्यास कित्येक मिनिटे सतत वाफ हुंगवावी लागते, आणि मात्रा थोडी चुकली तर श्वास वा हृदय थांबते. ज्या निजामी राज्यात परभणी जिल्हा १९४८ पर्यंत होता, त्याच राज्याच्या राजधानीत या औषधाचा जगप्रसिद्ध निवाडा करण्याचा प्रयत्न झाला, हे मराठवाड्यातील वाचकांस फारसे कुणी सांगत नाही. डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने आणि निजामाच्या खर्चाने हैदराबादेत १८८८ व १८८९ साली क्लोरोफॉर्म आयोग बसले. दुसऱ्या आयोगासाठी लंडनहून लॉडर ब्रंटन आले, शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले, आणि मृत्यूत आधी श्वास थांबतो, सबब डॉक्टराने श्वासावर लक्ष ठेवावे, असा निष्कर्ष निघाला. १९११ साली गुडमन लेव्ही यांनी अपुऱ्या गुंगीतही हृदय एकाएकी बंद पडू शकते हे दाखवून तो निष्कर्ष अपुरा ठरविला. इतका थरार, इतका वाद आणि इतकी स्थानिक नाती ज्या बाटलीत आहेत, ती आमचे लेखक केवळ नायिकेला पळविण्यासाठी उघडतात.

वेग वाढविण्यासाठी घेतलेली मोकळीक मी आनंदाने मान्य करीन. तीन महिन्यांचा अहवाल कथेत तीन दिवसांत यावा, तज्ज्ञाने स्वतःच संशयिताला दरडावावे, यात कुणाचे नुकसान नाही. जी चूक प्रेक्षक उद्या स्वतः आचरील, तिला मात्र क्षमा नसावी. सर्पदंशावर पात्याने चीर देऊन रक्त चोखणारा नायक पाहिलेला मुलगा शेतात तेच करू पाहील, आणि प्रतिसर्पविषाच्या इंजेक्शनापूर्वीचा मोलाचा वेळ त्यात जाईल. उलटपक्षी, युद्धकाळात रुग्णालयाच्या औषधालयात काम केलेल्या अगाथा ख्रिस्ती यांनी ‘द पेल हॉर्स’ या १९६१ च्या कादंबरीत थॅलियमच्या विषबाधेचे, केस गळण्यासह, इतके बिनचूक वर्णन केले की १९७७ साली लंडनच्या एका रुग्णालयात निदान न होणाऱ्या बालिकेचा आजार ती कादंबरी वाचणाऱ्या परिचारिकेने ओळखला, आणि मूल वाचले. त्या कादंबरीच्या रंजकतेला या अचूकपणाने कणभरही बाध आला नव्हता.

मराठीत अशी मालिका लिहावयाची तर सामग्री दूर नाही. मण्यार रात्री जमिनीवर निजलेल्या माणसाला चावते. दंश बहुधा दुखत नाही, खूण कित्येकदा सापडत नाही. पहाटे पोट दुखू लागते, नंतर पापण्या जड होऊन खाली येतात, गिळता येईनासे होते, आणि अखेर श्वासाचे स्नायूच लुळे पडतात. प्रेत निर्दोष दिसते, रात्रीचे जेवण संशयाखाली येते, जेवण वाढणारी बाई आरोपी होते, आणि तपास अंमलदार कितीही विनोदी असला तरी त्याला अखेर अंथरूण झटकून पाहावे लागते. त्या भागाच्या मध्यावर, शेजारच्या घरात दुसरा एक मुलगा पहाटे पोटदुखीने उठलेला आणि डोळे उघडे ठेवू न शकणारा दाखवावा, त्याला मांत्रिकाकडे न नेता परभणीच्या रुग्णालयात नेताना दाखवावे, आणि गाडीत फ्रेडरिक्ससारख्या एखाद्या हवालदाराने वाटभर बडबड करून त्याला जागे ठेवावे.