इंदापूरच्या उन्हातली कण्हेर

कण्हेरीचं रसग्रहण पानापासून सुरू करावं. इंदापूरच्या मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला, की दुपारी जास्वंद माना टाकते, कण्हेर ताठ. अरुंद, टोकदार पानं, एकेका पेरावर तीन-तीन. मधली शीर ठसठशीत आणि तिच्यातून दोन्हीकडे निघालेल्या बारीक शिरा अगदी समांतर. पान उलटून भिंगाखाली धरलं, की पाठीवर इवले खळगे दिसतात, आत पांढुरकी लव. श्वासरंध्रं या खळग्यांच्या आत असतात. कोरडा वारा थेट तिथवर पोचत नाही, म्हणून पाणी कमी उडतं. पर्जन्यछायेतल्या मुलखासाठी याहून नेटकी रचना मला माहीत नाही.

जपानच्या याकुशिमा बेटावरच्या रोडोडेंड्रॉनच्या पानामागेही लव असते, दाट आणि तपकिरी. हे झुडूप १९३४ साली इंग्लंडला गेलं. गडद गुलाबी कळ्या उमलताना फिकट होत पांढऱ्या होतात, देखणंच ते. पण त्याला आम्लधर्मी माती, गारवा आणि कायमची ओल लागते. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत लोह असूनही त्याच्या मुळांना मिळायचं नाही; पानं पिवळी पडणार. कण्हेर मात्र चुनखडीत रमते आणि कालव्याच्या पाण्यानं खारवलेल्या जमिनीतही तग धरते.

आता फूल. कळीत पाच पाकळ्या एकमेकींवर पीळ घालून बसतात आणि उमलल्यावरही त्या पिळाचा कल राहतो. घशाशी कातरलेली झालर. तिच्या आत पुंकेसरांची लवदार टोकं एकमेकांत गुंफलेली. मध नाहीच, कीटक रंगगंधाला भुलून येतात. दुहेरी फुलात ही झालर पाकळ्यांच्या गर्दीत हरवते, म्हणून माझं मत एकेरी गुलाबीला. अणुबॉम्बनंतर हिरोशिमाच्या होरपळलेल्या मातीत कण्हेर लवकर फुलली. त्या शहरानं १९७३ साली तिला आपलं फूल मानलं. आपण मात्र तिला रस्त्याच्या दुभाजकात लावतो आणि भरधाव पुढे जातो.

बारामती-इंदापुरात घर बांधणाऱ्यांनी कुंपणालगत एकेरी कण्हेर जरूर लावावी. पावसाळ्यात वीतभर काडी खोचली तरी सहज जगते. झाड सर्वांगानं विषारी आहे. लहान मुलं आणि जनावरं यांच्यापासून ते लांब ठेवा, छाटणीनंतर हात धुवा आणि छाटलेल्या काड्या चुलीत घालू नका.