आचार्य आणि न्यायाधीश : विनोबांच्या एका दृष्टान्ताची चिकित्सा

शिक्षकाच्या स्वायत्ततेची चर्चा आपल्याकडे बहुधा शासन व संस्था यांच्या संबंधापाशीच थांबते. पेण तालुक्यातील गागोदे येथे 1895 साली जन्मलेल्या विनोबांनी शिक्षण शासनमुक्त असावे असे आग्रहाने प्रतिपादिले आणि 1968 मध्ये कहलगाव येथे आचार्यकुलाची स्थापना केली. रोह्याच्या देशमुख घराण्यातील चिंतामणराव 1956 ते 1961 या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. परंतु त्या आयोगाचे क्षेत्र उच्च शिक्षणापुरते. रोह्याच्या प्राथमिक शिक्षकाचा प्रश्न विनोबांच्याच विचारावर घासून पाहिला पाहिजे.

विनोबांचा दृष्टान्त न्यायाधीशाचा आहे. वेतन शासनाचे, तरी निर्णय शासनाविरुद्धही देता येतो. तसेच शिक्षकाचे असावे. दृष्टान्त आकर्षक खरा, पण अपुरा. न्यायाधीश प्रत्येक प्रकरणाचा वेगळा विचार करतो आणि निर्णयाची कारणे लिहितो. त्याच्या स्वातंत्र्याचा गाभा तेथे आहे. शिक्षकास कारणे कोणी विचारीत नाही, आकडे तेवढे मागतात. ‘शिक्षकांनी माहिती सादर करावी’ या परिपत्रकी वाक्यात क्रियापद चालते ते माहितीच्या लिंगवचनाप्रमाणे. शिक्षक तृतीयेत उभा! (कर्मणि प्रयोगाचा हा सामान्य नियम आहे, त्यावरून धोरण सिद्ध होत नाही, हे मान्य.)

2009 च्या शिक्षणहक्क कायद्यात ही अडचण स्पष्ट दिसते. कलम 29 प्रमाणे अभ्यासक्रम ठरविणाऱ्यांनी, शक्य तोवर, मुलाची मातृभाषा हे माध्यम लक्षात घ्यावयाचे. कलम 24 प्रमाणे शिक्षकाने मात्र संपूर्ण अभ्यासक्रम नियत मुदतीत पुरा करावयाचा. ज्या वर्गात कातकरी बोली बोलणारी मुले आहेत, तेथील शिक्षकाने पहिले दोन महिने त्या बोलीतच संभाषण घडविले, मुलांकडून रानातल्या झाडांची नावे गोळा केली आणि प्रमाण मराठीचे पुस्तक मागाहून उघडले, तर पहिल्या कलमाचा आशय तो पाळतो आणि दुसऱ्याच्या दृष्टीने कसूर करतो. जनगणना व निवडणूक यांची कामे कलम 27 ने कायम ठेवल्याने दिवस आणखी घटतात, ते वेगळेच.

आचार्यकुलाचा भर पक्षीय राजकारणापासून अलिप्ततेवर होता. परंतु सत्तेपासून पूर्ण अलिप्त असलेला शिक्षकही पाठांचा क्रम बदलू शकत नसेल, तर नवे काही करण्यास त्यास वाव कोठे? क्रम आपण ठरविला म्हणजे तो फसतो की साधतो हे पाहणे भाग पडते. अध्यापनातील आस्था या पाहण्यातून वाढते. पाठटाचणात ‘क्रम का बदलला’ असा एक रकाना ठेवला, तरी विनोबांचा न्यायाधीश वर्गाच्या उंबरठ्याशी येईल.