‘ओत तांस्यों’: कलाटणी आणि पुनर्वाचन

अखेरची कलाटणी आली, की प्रेक्षकाला नुकताच पाहिलेला चित्रपट मनात पुन्हा मांडावा लागतो. आलेक्सांद्र आजा या फ्रेंच दिग्दर्शकाच्या ‘ओत तांस्यों’ (2003) या थरारपटाच्या बाबतीत ही पुनर्मांडणीच अशक्य ठरते.

मारी ही तरुणी आलेक्स या मैत्रिणीच्या खेड्यातील घरी येते. रात्री एक धिप्पाड, अनोळखी मारेकरी आलेक्सच्या कुटुंबीयांना ठार करतो आणि तिला बांधून मालमोटारीतून नेतो. मारी आधी त्याच मोटारीत लपून आणि पुढे दुसऱ्या गाडीतून त्याचा पाठलाग करते. संवाद अत्यल्प आहेत. रोखलेला श्वास आणि जिन्यावरची पावले यांवर आजा सारा ताण पेलतो, आणि तो उत्तम पेलतो. मग पेट्रोल पंपावरील सुरक्षा-कॅमेऱ्याच्या फितीत दिसते, की तेथील खून मारीनेच केला आहे. मारेकरी ही तिच्या दुभंगलेल्या मनाची निर्मिती!

वेन बूथने 1961 मध्ये मांडलेली अविश्वसनीय निवेदकाची संकल्पना येथे बचावासाठी पुढे करता येईल. आरंभीच रुग्णालयातील जखमी मारी दिसते, तेव्हा पुढचे सारे तिचेच कथन मानावे. परंतु अविश्वसनीयतेलाही सीमा लागते. हिचकॉकच्या ‘स्टेज फ्राइट’मध्ये (1950) खोटे पूर्वदृश्य एका पात्राच्या तोंडचे आहे, आणि असत्य कोठे संपते हे कळते. (त्याबद्दलही हिचकॉकला पुढे खंत वाटली.) येथे मारेकरी प्रथम दिसतो तो मारी त्या घरी पोहोचण्यापूर्वी, तिच्या अनुपस्थितीत. शिवाय मालमोटार आणि तिच्या मागावरची गाडी, दोन्ही एकटी मारी एकाच वेळी कशी चालवते? बंदिवान आलेक्स तर खरीच आहे.

ही केवळ तपशिलाची चूक नव्हे. आलेक्सविषयीची मारीची ओढ पूर्वार्धात हळुवारपणे सूचित झाली होती. कलाटणीनंतर तीच हत्याकांडाचे कारण ठरते. अनोळखी पुरुषाची हिंसा एका स्त्रीच्या समलिंगी प्रेमाच्या माथी मारली जाते. प्रेमापासून हत्येपर्यंतचा मानसिक प्रवास मात्र पडद्यावर कोठेच नाही. कथानकाचा गोंधळ येथे एका जुन्या पूर्वग्रहाला आडोसा देतो.

आणि तरी एक दृश्य टिकते. साखळ्यांनी जखडलेल्या, तोंड बांधलेल्या आलेक्सजवळ मारी येते आणि सुटकेचे आश्वासन देते. पहिल्या वेळी आलेक्सच्या डोळ्यांतील भीती दाराबाहेरच्या मारेकऱ्याची वाटते. दुसऱ्या वेळी उमगते, की ती समोर वाकलेल्या मारीचीच आहे.