पाणी चढतं, सूर चढत नाही

रेडिओहेड या इंग्लिश बँडच्या 'नो सरप्रायझेस'च्या व्हिडिओत एकच चेहरा आहे आणि एकच शॉट. गायक थॉम यॉर्कचं डोकं अंतराळवीराच्या हेल्मेटसारख्या काचेच्या गोलात बंद केलेलं आहे. गाण्याचे शब्द त्या काचेवर प्रतिबिंबासारखे खालून वर सरकत राहतात. पहिलं कडवं झालं की हनुवटीखाली पाणी दिसू लागतं. ते चढत जातं, तो मान उंचावून गात राहतो, आणि मग काच पूर्ण भरते. मिनिटभराहून जास्त वेळ तो पाण्याखाली निश्चल असतो. नंतर पाणी झर्रकन उतरतं, तो हपापल्यासारखा श्वास घेतो आणि पुन्हा गाऊ लागतो. पावणेचार मिनिटांत घडतं ते एवढंच. दिग्दर्शक ग्रँट जी यांनी हे चित्रीकरण १९९७ च्या नोव्हेंबरात केलं आणि पुढच्या जानेवारीत गाणं सिंगल म्हणून बाहेर आलं. गाण्याला चित्राची जोड कशी द्यावी हे मला कुणी विचारलं, तर मी आजही याच व्हिडिओकडे बोट दाखवतो.

आधी गाणं. ते १९९७ च्या 'ओके कॉम्प्युटर' या अल्बममधलं, आणि ऐकायला फार गोड. गिटारच्या सुरावटीला ग्लॉकेनश्पील हे धातूच्या पट्ट्यांचं वाद्य बिलगून वाजतं. पाळण्यावर टांगलेल्या खेळण्यासारखी त्याची किणकिण गाण्यावर पसरलेली आहे. चाल अंगाईची, शब्द मात्र पार थकलेल्या माणसाचे. मन कचऱ्याच्या डेपोसारखं भरलेलं, नोकरी हळूहळू जीव घेणारी, जखमा भरून न येणाऱ्या. सत्तेवरची माणसं आपल्या वतीनं बोलत नाहीत ही तक्रारही येते, पण त्याच मऊ आवाजात. मग तो शांत आयुष्य पत्करल्याचं सांगतो आणि पाठोपाठ कार्बन मोनॉक्साइडचं नाव घेतो. रंग नसलेला, वास नसलेला, झोपेतच माणूस संपवणारा वायू. ध्रुवपदातलं मागणं साधं आहे: आता कसला गजर नको, कसला धक्का नको.

या आशयाचं रॉकगाणं कुठेतरी फुटेल असं वाटतं. ड्रम चढतील, गिटार खरखरेल, गायक ओरडेल. याच अल्बममधल्या 'क्लायम्बिंग अप द वॉल्स'च्या शेवटी यॉर्क किंचाळतो. म्हणजे ते त्याला जमत नाही असं नव्हे. इथे तो ते करत नाही. गाणं आपली पट्टी सोडत नाही आणि आतली घुसमट आतच ठेवतं. व्हिडिओ करणाऱ्यापुढची खरी अडचण हीच. शब्दांची चित्रं काढायला बसलं तर कचऱ्याचे ढीग, ऑफिसातली टेबलं, बागेतलं टुमदार घर असं सगळं एकेक करून दाखवता आलं असतं, आणि गाणं तिथेच मेलं असतं. ग्रँट जी यांनी त्यातलं काहीही घेतलं नाही. त्यांनी त्या नोकरीच्या ओळीतला फक्त 'हळूहळू' उचलला. पाणी ज्या संथपणे काचेत चढतं, त्या संथपणातच ती नोकरी, ते घर, ते शहर सगळं येऊन जातं.

या संथपणामागे दोन करामती आहेत आणि त्या एकमेकींच्या सख्ख्या बहिणी म्हणाव्यात इतक्या जवळच्या आहेत. ध्वनिमुद्रणाच्या वेळी निर्माता नायजेल गॉडरिच यानं बँडला हे गाणं थोडं जलद वाजवायला लावलं, मग टेपचा वेग कमी केला आणि त्या मंदावलेल्या वाद्यांवर यॉर्कचा आवाज घेतला. म्हणून वाद्यांच्या नादात एक ओढ आहे, हात जरा उशिरा उठत असल्यासारखी. चित्रीकरणातही तसंच झालं. पाण्याखालच्या भागासाठी सेटवर गाणं जलद वाजवलं, कॅमेराही जास्त वेगानं चालवला आणि नंतर चित्र मंद केलं. त्यामुळे यॉर्कला प्रत्यक्षात श्वास रोखावा लागला तो पडद्यावर दिसतो त्याहून कमी वेळ. पण ही युक्ती नुसती सोय म्हणून बघू नये. वाद्यं आणि चेहरा दोन्ही एकाच प्रकारे ताणलेल्या काळात राहतात, म्हणून ते एकमेकांपासून सुटे वाटत नाहीत. ग्रँट जी यांच्याच 'मीटिंग पीपल इज ईझी' या १९९८ च्या माहितीपटात या चित्रीकरणाचे तुकडे आहेत. टेक फसतात, यॉर्क धापा टाकत पाण्यातून बाहेर येतो, वैतागतो. ते पाहिल्यावर कळतं की पडद्यावरच्या त्या शांत चेहऱ्याची किंमत एका खऱ्या छातीनं मोजलेली आहे.

मी हे गाणं उल्हासनगरच्या कॅम्प १ मध्ये राहून ऐकतो, आणि इथे त्यातली प्रतिमा फार काळ प्रतिमा राहत नाही. कचऱ्यानं भरलेल्या मनाची ओळ आली की म्हारळजवळचं जुनं डम्पिंग ग्राउंड आठवतं; ते इतकं भरलं की तिथे कचरा टाकणं थांबवावं लागलं. वायूचं नाव आलं की वालधुनी आठवते. २०१४ च्या नोव्हेंबरअखेरीस या नदीत कुणीतरी चोरून रसायन ओतलं, वायू वस्तीत पसरला आणि शेकडो माणसांना रुग्णालयात न्यावं लागलं. गाण्यातला वायू निदान वास तरी देत नाही. आणि पाणी चढू लागलं की २७ जुलै २०१९ ची महालक्ष्मी एक्स्प्रेस डोळ्यांपुढे येते. बदलापूर आणि वांगणीच्या मधे उल्हास नदीच्या पुरात ती उभी राहिली, आत हजाराच्या वर प्रवासी. बोटी येईपर्यंत त्या माणसांनी खिडकीतून पाणी बघत तास काढले. चढतं पाणी दिसतंय आणि करण्यासारखं काही नाही, ही अवस्था या व्हिडिओत जशी पकडली आहे तशी मी दुसऱ्या कुठल्या गाण्याच्या चित्रात पाहिलेली नाही.

पण या गावामुळे मला ध्रुवपदाचा एक वेगळा अर्थही लागतो, आणि तो मला जास्त मोलाचा वाटतो. 'कॅम्प' हे नाव इथे असलेल्या लष्करी छावणीच्या काळातलं. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं इथल्या बराकींत राहिली. १९४९ मध्ये या छावणीचं उल्हासनगर झालं. कुणी गोणपाटाचा पडदा लावून खोली केली असेल, कुणी दारात तुळस लावली असेल. रात्रीतून घर सोडावं लागलेल्या माणसानं आता कसला धक्का नको असं म्हटलं, तर त्याला शरण गेलेला म्हणायचं का? गाण्यात पुढे सुंदर घर येतं, सुंदर बाग येते. बहुतेक समीक्षक ही ओळ उपरोधाची मानतात. मी ती तशी ऐकत नाही. बराकीच्या जागी एकेक वीट रचून घर उभं केलेल्यांच्या शेजारात राहिल्यावर त्या ओळीतला हेवा खरा वाटतो, त्यातली भूकही खरी वाटते. आणि व्हिडिओ माझ्या बाजूनं उभा राहतो, कारण यॉर्कच्या चेहऱ्यावर कुठेही कुत्सित हसू नाही. तो मागतोय, आणि मनापासून मागतोय.

पाण्याखालच्या त्या मिनिटाकडे पुन्हा यायला हवं, कारण सगळा व्हिडिओ त्याच्यावर तोललेला आहे. तिथे ओठ मिटलेले असतात आणि गाणं मात्र चालू असतं. आवाज येतोय, तोंड हलत नाही. आतापर्यंत गाणारा माणूस आणि गाणं एक होते. आता गाणं त्याच्याशिवाय पुढे गेलंय. रोज सकाळी इथल्या शहाड स्टेशनच्या फलाटावर उभे असलेले चेहरे ज्यानं पाहिलेत त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. हात हँडलला, शरीर डब्यात, आणि दिवस माणसाला न विचारता चालू झालेला. सरकते शब्दही काचेवरून वर जातच राहतात. ते त्याच्यासाठी थांबत नाहीत. काही जणांना हे सरकते शब्द अनावश्यक वाटतात, चेहरा पुरेसा होता असं ते म्हणतात. मला ते हवेतच. ते नसते तर पाण्याखालचं मिनिट नुसत्या धाडसाचा खेळ झालं असतं. शब्दांमुळे कळत राहतं की बुडालाय तो माणूस, वेळापत्रक नव्हे.

मग पाणी उतरतं. ते चढलं त्यापेक्षा कितीतरी वेगानं. यावर एक आक्षेप घेता येतो, आणि तो गंभीर आहे: गाणं शेवटपर्यंत सुटका देत नाही, मग चित्रानं ती का द्यावी? बंद पेटीतून सुटणाऱ्या जादूगाराचा प्रयोग पाहिल्यासारखं हायसं का वाटू द्यावं? मी या प्रश्नाशी बराच काळ अडखळलो. उत्तर त्या श्वासाच्या नंतरच्या क्षणांत आहे. हेल्मेट उघडत नाही. कुणी मदतीला येत नाही. शॉट तुटत नाही. ओल्या चेहऱ्यानं तो पुन्हा तेच मागणं गाऊ लागतो, त्याच पट्टीत, त्याच मऊपणानं. ध्वनिमुद्रण आधीपासूनचं, त्यामुळे आवाजात बदल होण्याचा प्रश्नच नाही. तरीही पहिल्या वेळेला जे थकलेल्या माणसाचं पुटपुटणं होतं, ते आता नुकत्याच गुदमरून वर आलेल्या माणसाचं बोलणं होतं. गाण्याचा एक सूर न हलवता त्याचा अर्थ हलवण्याचं काम त्या काचेतल्या पाण्यानं केलेलं आहे.