मूर्खाचे शहाणपण

माल्कम आणि ऑल्विन या इंग्लिश जोडीची ‘फूल्स विज्डम’ ही तबकडी १९७३ साली निघाली. जगाचे शहाणपण देवापाशी मूर्खपणाचे ठरते, या पौलाच्या विचाराची आठवण तिचे नावच करून देते. गिटारीची साथ आणि एकमेकांत मिसळणारे दोन कंठ, हाच तिचा मुख्य ऐवज. सायमन-गारफंकेल यांची छाया स्पष्ट आहे. पण खरा प्रश्न अनुकरणाचा नाही. प्रचाराला जुंपलेल्या गाण्यात गाणे किती उरते, हा आहे. ही जोडी उपदेशाकडे वळते तेथे सूर सपाट होतो. हसे होण्याची भीती सोडून ती नुसती गाते, तेव्हा अश्रद्धालाही थांबून ऐकावेसे वाटते. मूर्ख ठरण्याची तयारी भक्ताला लागते, तशीच कलावंतालाही.