संहितेची शुद्धता आणि वृत्तांताची सत्यता : नव्या कराराच्या विश्वसनीयतेविषयीच्या एका युक्तिवादाची चिकित्सा

ख्रिस्ती धर्माचे मुख्य प्रतिपादन एका विशिष्ट काळी, एका विशिष्ट रोमन अधिकाऱ्याच्या कारकिर्दीत घडलेल्या घटनेशी बांधलेले आहे. त्यामुळे त्याच्या धर्मग्रंथाला ‘हे खरोखर घडले काय?’ हा इतिहासाचा प्रश्न टाळता येत नाही. या प्रश्नाला होकारार्थी उत्तर देणाऱ्या ग्रंथांत एफ. एफ. ब्रूस यांच्या १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या छोटेखानी पुस्तकाचे स्थान महत्त्वाचे आहे. नव्या करारातील दस्तऐवज विश्वसनीय आहेत काय, असा प्रश्नच त्याच्या शीर्षकात आहे. ब्रूस हे मूळचे ग्रीक भाषेचे अध्यापक. त्यांचा संयम त्यांच्या अनुयायांत फारसा उतरला नाही. प्रस्तुत लेखात त्यांच्या एका युक्तिवादाचा आणि त्याच्या पुढील वापराचा विचार करावयाचा आहे.

हा युक्तिवाद हस्तलिखितांच्या विपुलतेचा आहे. सीझरच्या गॉल युद्धाच्या वृत्तांताची चांगली हस्तलिखिते नऊ-दहाच आहेत आणि त्यांतील सर्वांत जुनेही सीझरनंतर सुमारे नऊशे वर्षांनी लिहिलेले आहे. तरीही कोणी तो ग्रंथ अविश्वसनीय मानीत नाही. याउलट नव्या कराराची ग्रीक हस्तलिखिते हजारोंनी उपलब्ध आहेत. आज त्यांची नोंदलेली संख्या पाच हजारांहून बरीच अधिक आहे. इ. स. चौथ्या शतकातील सिनाय आणि व्हॅटिकन या दोन संहिता नव्या कराराचा बहुतांश भाग देतात. योहानकृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील काही ओळींचा, तळहातावर मावेल एवढा पपायरसाचा तुकडा मँचेस्टरच्या रायलंड्स ग्रंथालयात आहे. १९३५ साली सी. एच. रॉबर्ट्स यांनी तो प्रसिद्ध केला आणि दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातला ठरविला.

या तपशिलांत खोटे काही नाही, परंतु त्यांचे वजन तपासले पाहिजे. हजारोंच्या या संख्येतील बहुसंख्य हस्तलिखिते नवव्या शतकानंतरची आहेत. रायलंड्स तुकड्याचा काळ केवळ हस्ताक्षराच्या वळणावरून ठरविलेला असून, दुसऱ्या शतकाचा उत्तरार्ध किंवा तिसऱ्याचा आरंभही अशक्य नाही, हे ब्रेंट नाँगब्री यांनी २००५ मध्ये दाखवून दिले. उतावळेपणाचे उदाहरण याहूनही अलीकडचे आहे. मार्ककृत शुभवर्तमानाचा पहिल्या शतकातील तुकडा सापडल्याचे २०१२ साली अमेरिकेतील एका जाहीर वादविवादात सांगण्यात आले. २०१८ मध्ये ऑक्सिरिंकस पपायरसांच्या ग्रंथमालेत तो रीतसर प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याचा काळ दुसऱ्या शतकाची अखेर किंवा तिसऱ्याचा आरंभ असा निघाला. एरवी हा शोध आनंदाचा होता. आधीच्या घोषणेमुळे तो निराशेचा ठरला.

पाठभेदांचीही तीच गोष्ट. १७०७ साली जॉन मिल यांनी सुमारे तीस हजार पाठभेद नोंदविले, तेव्हा धर्मग्रंथच डळमळला असे अनेकांना वाटले. वस्तुतः हस्तलिखिते वाढली की पाठभेद वाढणारच, आणि त्यांतील बहुतेक वर्णलेखनाचे वा शब्दक्रमाचे असतात. काही मात्र तसे नाहीत. मार्ककृत शुभवर्तमानाच्या शेवटच्या बारा ओव्या सिनाय व व्हॅटिकन या दोन्ही संहितांत नाहीत. योहानाच्या पहिल्या पत्रातील त्रैक्याचा स्पष्ट उल्लेख करणारे वाक्य इरॅस्मसने १५१६ आणि १५१९ च्या आवृत्त्यांत घेतले नव्हते. १५२२ मध्ये ते घेतले आणि पुढे छापील परंपरेत रुजले. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची हृदयस्पर्शी कथा योहानकृत शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या साक्षीदारांत आढळत नाही.

मराठी अभ्यासकाला येथे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेची आठवण झाल्यावाचून राहत नाही. १९१९ ते १९६६ या काळात तेथे महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. वि. स. सुखटणकरांनी आदिपर्वाचे संपादन करताना, व्यासांनी सांगावे आणि गणेशाने लिहावे ही घरोघरी माहीत असलेली कथा संहितेतून काढून परिशिष्टात ठेवली. कथा लोकप्रिय आहे, म्हणून ती प्राचीन ठरत नाही. योहानाच्या त्या कथेसंबंधी पाश्चात्त्य संपादकांनी हाच न्याय लावला. परंतु आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. शेकडो हस्तलिखिते ताडून महाभारताची प्राचीनतम साध्य संहिता सिद्ध झाली, म्हणून कुरुक्षेत्रावरील युद्ध तसेच घडले असे संस्थेच्या एकाही संपादकाला म्हणावेसे वाटले नाही. ग्रंथ आपल्यापर्यंत कसा आला, हा एक प्रश्न. ग्रंथात सांगितलेले कसे घडले, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला चिकटविणे हा तर्कदोष आहे. सीझरशी केलेली तुलनाही येथेच अपुरी पडते. सीझरवर इतिहासकार विश्वास ठेवतात तो हस्तलिखितांच्या संख्येमुळे नव्हे, आणि तोही सर्वत्र ठेवीत नाहीत. शत्रूच्या सैन्याचे त्याने दिलेले आकडे कोणी जसेच्या तसे स्वीकारीत नाही.

ब्रूस यांनी स्वतः संहितेचा विचार एका प्रकरणात आणि शुभवर्तमाने, पौल, लूक, पुरातत्त्व यांचा विचार स्वतंत्र प्रकरणांत केला आहे. त्यांच्या पुस्तकातील खरे बळ या नंतरच्या प्रकरणांत आहे. प्रेषितांच्या कृत्यांत थेस्सलनीका येथील नगराधिकाऱ्यांना ‘पोलितार्क’ म्हटले आहे. हा शब्द ग्रीक वाङ्मयात इतरत्र आढळत नसल्याने एकेकाळी संशय घेतला जाई. पुढे तो मासेदोनियातील शिलालेखांत सापडला, आणि थेस्सलनीकाच्या कमानीवरचा तसा एक लेख आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. १९६१ साली कैसरियात सापडलेल्या शिलालेखात पंतय पिलाताचे पद ‘प्रीफेक्ट’ असे आहे. गंमत अशी की टॅसिटसने त्याला ‘प्रोक्युरेटर’ म्हटले आहे, आणि हे पदनाम पिलाताच्या नंतरच्या काळातले आहे. या एका चुकीने टॅसिटस त्याज्य ठरत नाही. तोच न्याय लूकलाही लागू होतो, पण दोन्ही बाजूंनी. कारण लूक ज्या नावनिशीच्या वेळी येशूचा जन्म सांगतो, ती क्विरीनियाच्या कारकिर्दीतली, म्हणजे योसेफसच्या हिशेबाने इ. स. ६ मधली, आणि हेरोद तर इ. स. पू. ४ मध्येच मरण पावला होता. ही सुमारे दहा वर्षांची तफावत मिटविण्याचे अनेक प्रयत्न झाले. त्यांपैकी एकही सर्वमान्य झालेला नाही. पोलितार्क उत्साहाने सांगावयाचे आणि क्विरीनियाचे नाव तळटीपेत दडवावयाचे, ही रीत अभ्यासाची नव्हे. याच्या उलट दिशेने, एका तफावतीवरून सारे शुभवर्तमान काल्पनिक ठरविणारेही तेवढेच उतावळे आहेत.

प्रस्तुत लेखकाच्या मते या विषयातील सर्वांत भक्कम पुरावा लोकप्रिय मांडणीत बहुधा मागे पडतो. तो म्हणजे पौलाची निर्विवाद मानली जाणारी पत्रे. गलतीकरांस लिहिताना पौल आपण यरुशलेमेत केफाला आणि प्रभूचा भाऊ याकोब याला भेटल्याचे सांगतो. ही माहिती तो कोणाचे मन वळविण्यासाठी मिरवीत नाही. उलट आपण त्या मंडळींवर किती कमी अवलंबून होतो, हे दाखविण्यासाठी देतो. वादाच्या ओघात नाइलाजाने दिलेली अशी कबुली इतिहासकाराला स्तुतिपर वर्णनापेक्षा अधिक मोलाची वाटते. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात येशूचा मृत्यू, पुरले जाणे व दर्शने यांविषयीची परंपरा तो आपल्याला आधीच मिळालेली म्हणून सांगतो. यावरून पुनरुत्थान सिद्ध होत नाही. इतिहासाची साधने तेथवर पोचतही नाहीत. परंतु ही श्रद्धा पुढच्या पिढ्यांनी रचलेली नसून पहिल्या साक्षीदारांच्या हयातीतच सांगितली जात होती, एवढे सिद्ध होते. या पत्राचा काळ अंदाजाने ठरविलेला असला तरी निराधार नाही. डेल्फी येथील क्लॉडियस सम्राटाच्या शिलालेखात अखयाचा अधिकारी गल्लियो याचे नाव आहे, आणि त्यावरून त्याची कारकीर्द इ. स. ५१-५२ च्या सुमाराची ठरते. पौल करिंथात याच गल्लियोपुढे उभा राहिल्याचे प्रेषितांची कृत्ये सांगतात. पत्र त्यानंतर दोन-चार वर्षांतले, म्हणजे वधस्तंभाच्या घटनेपासून पंचवीस वर्षांच्या आतबाहेरचे.